‘पंखा उघडत नाही’ या शेऱ्याबाबत

प्रति,
मा. कुलसचिव,
करवीर नृत्य-संगीत विद्यापीठ,
कोल्हापूर.

अर्जदार: इकबाल बाबालाल नदाफ, वय ५४, धंदा शिवणकाम, रा. गंगावेश, कोल्हापूर.

विषय: कु. सबिना इकबाल नदाफ, एम.ए. (नृत्य) भाग दोन, हिला प्रात्यक्षिकात नापास करणारा शेरा रद्द करून फेरपरीक्षा घेणेबाबत, व ती कोणी घ्यावी याबाबत.

संदर्भ: १) गुणपत्रक दि. १० मे २००४.
२) अर्जदाराची माप-वही, पान ११२ व ११८.
३) अर्जदाराचे दि. ११ मे रोजीचे तोंडी म्हणणे, जे हसण्यावारी नेण्यात आले.

महोदय,

१. अर्जदार गेली बावीस वर्षे आपल्या नृत्य विभागाचे पोशाख शिवत आहे. भरतनाट्यमचा पोशाख शिवणारा दुसरा शिंपी अर्जदाराच्या माहितीत जिल्ह्यात नाही. असता, तर विभागप्रमुख प्रा. सयाजी इंगवले यांनी अर्जदारास केव्हाच उंबऱ्याबाहेर काढले असते. हा पोशाख नुसत्या उभ्या मापावर शिवता येत नाही. गुडघे बाहेर वळवून अर्धे खाली बसतात, त्यास नाचणारे अरमंडी म्हणतात. त्या बैठकीत समोरच्या चुण्यांचा पंखा पुरता उघडला पाहिजे, म्हणून कुणीतरी तसे बसून दाखवावे लागते. लहान मुलींचे कच्च्या शिलाईचे पोशाख अर्जदार स्वतःच्या मुलीला घालून पाहत असे. सबिना वयाच्या सातव्या वर्षापासून मशीनशेजारी अशी बसत आली आणि बसता बसता नाचू लागली. अर्जदाराने तिला अडवले नाही. त्यापायी सख्ख्या भावाने दोन वर्षे अबोला धरला, तोही सोसला.

२. सबिना आपल्याच विद्यापीठातून बी.ए. पहिल्या वर्गात पास झाली. एम.ए.च्या लेखी परीक्षेत तिला शेकडा अडुसष्ट गुण आहेत. प्रात्यक्षिकात पास होण्यास पन्नास लागतात, तिला सत्तेचाळीस दिले. त्यात पोशाखाच्या दहापैकी एक. त्यापुढे प्रा. इंगवले यांच्या हस्ताक्षरात शेरा आहे: ‘पोशाख बेमापाचा. पंखा उघडत नाही.’ तिच्या नोंदणीची मुदत दि. ३० जून रोजी संपते. तोवर ती पास झाली नाही, तर एम.ए.चे सगळे शिक्षण पाण्यात जाऊन पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. नियमात पळवाट नाही, हे अर्जदाराने तीन खिडक्यांवर विचारून पाहिले आहे.

३. महोदय, येथे प्रा. इंगवले फसले. त्यांनी ‘ताल चुकला’ असे लिहिले असते, तर अर्जदार मान खाली घालून घरी गेला असता. तालातले त्यास काही कळत नाही. ‘भाव कमी पडला’ लिहिले असते, तरी चालले असते. पण शिंप्याच्या पोरीला नापास करायला त्यांनी माप धरले. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात.

४. दि. ११ मे रोजी अर्जदार स्वतः शिवलेला तो पोशाख, सबिनाच्या मापाची वही (पान ११२) व टेप घेऊन विभागात गेला आणि सर्वांसमक्ष मोजून घ्या म्हणाला. त्यावर प्रा. इंगवले खुर्चीतून न उठता म्हणाले, “इकबाल, गप शिवणकाम कर की. नाचातलं तुला काय कळतंय?” उपस्थित चार अध्यापक हसले. अर्जदार त्या चौघांचीही मापे घेत आला आहे व त्यांना विसरलेला नाही.

५. त्याच दिवशी फलकावर सर्वांच्या गुणांची फोड लावलेली होती. त्यात प्रा. इंगवले यांची सख्खी भाची कु. प्रेरणा हिला दि. १७ एप्रिलच्या प्रात्यक्षिकात शंभरपैकी एक्याऐंशी गुण आहेत, व पोशाखाला दहापैकी नऊ. ती पहिली आली, म्हणजे विभागातली अध्यापकाची एकुलती एक रिकामी जागा तिला मिळणार, हे शेंबडे पोरही सांगेल. नियमाप्रमाणे परीक्षा स्वतःच्या मापाच्या पूर्ण पोशाखात द्यावी लागते. कु. प्रेरणाने आपला पोशाख बाह्या सैल करण्यासाठी दि. १२ एप्रिल रोजी अर्जदाराच्या दुकानी टाकला. वहीत पान ११८ वर तिची सही आहे. तो परत नेल्याची सही नाही, कारण तो आज हा अर्ज लिहिताना समोरच्या खुंटीवर आहे. दि. १७ एप्रिल रोजी तिचा जयसिंगपूरला साखरपुडा होता. साखरपुड्याचे पोलके अर्जदारानेच शिवले. तेव्हा खुंटीवरच्या पोशाखाला नऊ गुण कोणी व काय पाहून दिले, याचा खुलासा व्हावा.

६. ही गोष्ट अर्जदाराने एका गिऱ्हाइकाजवळ बोलताच दुसऱ्या दिवशी विभागाचे शिपाई गुंडू दुकानी आले. बिचारे भले गृहस्थ, खाली बघून बोलले. “सायबांनी सांगितलंय, त्यो पोशाख माझ्याकडं द्या. पोरीचं तीन मार्क वाढवून मिळत्यात. कुणाला काय कळायचं न्हाय.” अर्जदाराचा हात खुंटीकडे गेला होता, हे तो नाकारत नाही. मुलगी आतून बाहेर आली आणि म्हणाली, “अब्बा, हात मागं घ्या. तसलं पास मला नगं. पंखा उघडतोय का न्हाय, ते त्यांनी माझ्यासमोर बसून बघायचं.” अर्जदाराला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली आणि मुलीचा अभिमान वाटला. दोन्ही येथे नमूद करतो.

७. सबब, अर्जदाराची मागणी आहे की फेरपरीक्षा दि. ५ जून रोजी सकाळी दहा वाजता, विद्यापीठाच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमाआधी, त्याच रंगमंचावर, आपल्या, प्रमुख पाहुणे म्हणून येणाऱ्या मंत्रिमहोदयांच्या व जमलेल्या पाहुण्यांच्या समक्ष घ्यावी. बाहेरचा निःपक्षपाती परीक्षक अर्जदारास नको आहे. परीक्षक प्रा. इंगवले हेच असावेत. टाळ वाजवून बोल म्हणण्यासही मांडी घालून तेच बसावेत, व गुण स्वतःच्या हाताने लिहून मोठ्याने वाचावेत. त्या कार्यक्रमाचे तीस पोशाख अर्जदाराकडे शिवून तयार आहेत. ते तो त्या दिवशी रंगमंचावर घेऊन येईल. फेरपरीक्षेचा लेखी आदेश हाती पडेपर्यंत एकही पोशाख दुकानाबाहेर पडणार नाही. मंत्रिमहोदयांसमोर एकोणतीस मुली कोणत्या वेशात नाचवायच्या, तो विचार कार्यालयाने करावा.

८. त्या तिसांत तिसावा प्रा. इंगवले यांचा स्वतःचा पोशाख आहे. ते अकरा वाजता शिवाच्या रूपात नाचणार असल्याने परीक्षेच्या वेळी तो त्यांच्या अंगावरच असेल. मापाला दुकानात येणे त्यांना कमीपणाचे वाटले, म्हणून त्यांनी कागदावर ‘कंबर ३४’ असे लिहून सही करून पाठवले. दुकानासमोरून जाताना त्यांची कंबर अर्जदाराच्या नजरेने अडतीस भरते, आणि ही नजर अर्ध्या इंचापलीकडे चुकत नाही. एरवी अर्जदार गिऱ्हाइकाची अब्रू राखून गपचूप अडतीस शिवतो. या वेळी त्याने चौतीस शिवले आहे, व मागाहून सैल करता यावे म्हणून शिवणीत जे जादा कापड ठेवतात तेही ठेवलेले नाही. कागदावर असेल तेच खरे, ही आपल्या विभागाची रीत असल्याने त्यांची हरकत नसावी. श्वास रोखला तर पोशाख अंगावर बसेल. मात्र बोल म्हणायला श्वास सोडावा लागतो.

९. शिवण उसवल्यास अर्जदार पहिल्या रांगेत सुई-दोरा घेऊन हजर असेल. परंतु सबिनाचे गुण वाचून होईपर्यंत तो जागचा उठणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

आपला, निकाल लागेपर्यंत नम्र,
(सही)
इकबाल बाबालाल नदाफ
कोल्हापूर, दि. २४ मे २००४

सोबत: गुणपत्रकाची नक्कल, माप-वहीच्या दोन पानांच्या नकला, प्रा. इंगवले यांच्या सहीच्या मापाची नक्कल. मूळ कागद अर्जदाराकडे कुलपात आहेत.