फौजदाराची शेपटी

आई,

न सांगता पलटणीत पळालेला सुबाअण्णा परत आलाय. पण हे तू वाचलंच न्हाईस, कारण तू माघारी येशील तवा तुला दारात चकित करायचं, असं त्यानं बजावलंय.

आप्पांच्या भीतीनं तो हातमागाच्या खड्ड्यात लपला होता. आपलं कुत्रं फौजदार वासानं येडं झालं, आप्पांच्या ताण्याचे उभे धागे तोडत खड्ड्यात उडी मारून अण्णाचं तोंड चाटू लागलं. आप्पा वाकून म्हणाले, "सुब्या, कुत्रं आवर. आन् ताणा सांधायला बस." एवढंच!

आता दोघं शेजारी बसून सांधतायत. आप्पांना धागा दिसंना, धुरानं म्हणे. चूल तर विझलेली हाय.

मी गूळ आणायला चाललोय. फौजदाराची शेपटी हलून हलून पार दमलीया. तरी फौजदाराच्या शेपटीस आठ दिवसांची भरपगारी रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती.

नागोजी