फ्रेमीतला कागद

अझैबा, १४ जानेवारी २०२४

ती. अब्बांना आणि आपाला मुनीरचा सलाम, वि. वि.

फोनवर अब्बांना ऐकू येत नाही, आणि माझा निरोप आपा त्यांच्या कानात ओरडून सगळ्या मोहल्ल्याला सांगते. म्हणून पत्रच बरं. गावी निघालेल्या तौहीदच्या हाती देतोय. आठवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, हसू नये.

नोकरी बदलली. आपा, कपाळावर हात मारू नको. खाबुरा गावातल्या बागेत बोलायला माणूस नव्हता, बरका गावच्या मासळीबाजारात अर्बाबशी, म्हणजे मालकाशी, पटलं नाही. आता एका फ्रेंच म्हाताऱ्याला सांभाळतो. नाव रेमाँ, वय पंच्याऐंशी. त्यांची लेक इथे आखातात नोकरीला आहे. मी त्यांना मुस्यू म्हणतो. संध्याकाळी त्यांची चाकांची खुर्ची समुद्राकडे नेतो. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, म्हणून छान जमतं.

अब्बा, ते ल हाव्रचे आहेत. तुमचं जहाज जायचं त्याच ल हाव्रचे. बंदरात क्रेन चालवायचे. मी तुमचं सांगितलं तर त्यांनी माझा हात धरूनच ठेवला.

ते पाच वर्षांचे असताना लढाईत त्या शहरावर दोन दिवस बॉम्ब पडले. टाकणारे दुश्मन नव्हते, जर्मनांना हाकलायला आलेले दोस्तच होते. मुस्यू मावशीकडे खेड्यात होते, आई घरात. परत आले तर गल्लीच नाही. मग वीस वर्षं सगळं सिमेंटचं नवं बांधलं, सरळ रस्ते, सारख्या खिडक्या, जहाजावरून दिसेल असा उंच मनोरा. पण ढिगारा किती उपसणार? पुष्कळसा तसाच दाबला आणि त्यावर शहर उभं केलं. म्हणतात, जुनं गाव दोन हात खाली आहे.

नुमान चाचांची कबर तिथेच ना? आपा, फ्रेमीतल्या त्या कागदाचा फोटो पाठव. मुस्यू वाचून तिकडे चौकशी करतो म्हणालेत.

दुआत आठवण ठेवा.
मुनीर

दाभोळ, ४ फेब्रुवारी

चि. मुनीरला सफूराच्या अनेक दुआ, वि. वि.

तीन वर्षांत तिसरी नोकरी. तुझ्या पायाला भिंगरी आहे, पण या वेळी ती तुला बऱ्या दारात घेऊन गेली.

तुझं पत्र अब्बांनी स्वतः वाचलं, बोट ठेवून, चार वेळा. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत. मग जे मला कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. दोघे भाऊ एकाच जहाजावर होते. ल हाव्रला चाचांना ताप भरला, इस्पितळात नेलं. दुसऱ्या दिवशी भरतीला जहाज सुटायचं होतं. अब्बांनी कप्तानाला हात जोडले, तो ऐकेना. पुढच्या बंदरावर एजंटाने सांगितलं की नुमान गेला, दफन झालं, दहा वर्षांसाठी जागा घेतलीय. अब्बा एवढंच म्हणतात, “माझ्या भावाला मी माती दिली नाही.”

दहा वर्षांनी तो कागद आला. शिक्का, चाचांचं नाव, कबरीचा नंबर. गावात फ्रेंच कोण वाचणार? सरकारी कागद म्हणजे कबर सांभाळलीय, असं सगळ्यांनी ठरवलं. अब्बांनी फ्रेम केली. दर ईदेला काचेला अत्तर लावतात, तुला माहीतच आहे.

डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय, दिवस मोजकेच. अब्बांना एकच हवंय, त्या नंबरवर कुणीतरी जाऊन फातिहा पढावा. फोटो तुझ्या फोनवर पाठवलाय. वेळेवर जेवत जा.

तुझी आपा

अझैबा, २५ फेब्रुवारी

फक्त आपासाठी

आपा, सलाम. कसं लिहू कळत नाही.

मुस्यूंनी फोटो दोनदा वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग म्हणाले, घरी चल. घरी आल्यावर सांगितलं.

कागदात लिहिलंय की जागेची मुदत संपली. घरच्या कुणी वर्षभरात उत्तर पाठवलं नाही तर जागा परत घेऊ आणि हाडं सगळ्यांच्या एकत्र खड्ड्यात ठेवू. एक उत्तर, आपा. फक्त एक पत्र टाकायचं होतं. आपण त्याला चौतीस वर्षं अत्तर लावलं.

मुस्यूंनी तिकडे लिहून विचारलं. १९९१ मध्ये कबर काढली, असं कळलं.

मी रडलो तेव्हा ते म्हणाले, “वडिलांना सांग, आमच्या गावात प्रत्येकजण कुणाच्या तरी डोक्यावरून चालतो. माझी आईही मिळाली नाही. तुझा चाचा एकटा नाही.”

पण अब्बांना हे कोण सांगणार? मला वाटतं, कबर छान आहे, वर गवत आहे, फुलं आहेत, असं लिहून टाकावं. लिहायला बसलो तर दोन कागद फाडून टाकले. तू सांगशील तसं करतो.

मुनीर

दाभोळ, १० मार्च

चि. मुनीरला दुआ, वि. वि.

शहाण्या, पाकिटावर एवढं मोठं ‘फक्त आपासाठी’ लिहिलंस म्हणूनच अब्बांनी ते आधी फोडलं. मी विहिरीवर होते. पोस्टातून आलेलं पाकीट तौहीद त्यांच्या हातात देऊन गेला.

दोन दिवस पेजेलाही शिवले नाहीत. मी मनात तुला शिव्या दिल्या, मग स्वतःला. शुक्रवारी त्यांनी फ्रेम उतरवायला लावली, कागद काढून खिशात ठेवला आणि रिक्षा मागवली. मी कबरस्तानाच्या फाटकाशी थांबले, तौहीद आत घेऊन गेला. दादीच्या कबरीच्या पायथ्याशी हातभर खणून अब्बांनी तो कागद ठेवला. गुडघे टेकवत नव्हते, तौहीदने मागून धरलं. तीन मुठी माती दिली. पंचेचाळीस वर्षांनी.

घरी येऊन पेज मागितली. भिंतीवर फ्रेमीची चौकट उमटलीय, तिकडे बघत म्हणाले, “मुनीरला लिही, खोटं लिहिलं नाहीस हे बरं केलंस.”

आणि एक विचारलंय. त्या फ्रेंचबाबांच्या आईचं नाव काय? तिलाही माती मिळाली नाही, म्हणतात, दुआत भावाबरोबर तिचंही नाव घेईन. लवकर कळव. आता चार पावलांवर धाप लागते.

तुझी आपा

अझैबा, १७ मार्च

ती. अब्बांना मुनीरचा सलाम, वि. वि.

हे पत्र कुणाच्या हाती देत नाही. फोटो काढून पाठवतो, आपाने तुमच्यासमोर धरावा.

त्या बाईचं नाव लुसिएन. मुस्यूंना विचारलं तर त्यांनी खुर्ची थांबवायला लावली. म्हणाले, हे नाव मला कुणी विचारून साठ वर्षं झाली. मग माझ्या तळहातावर पेनाने लिहून दिलं. ते बघून इथे उतरवलंय.

रमजान आहे, पण तुम्ही रोजे धरू नका. आपा, लक्ष ठेव.

अब्बा, तुम्हाला कप्तानाने सोडलं नाही. मला मुस्यूंनीच सांगितलं, जा. लेकीला सांगून तिकीटही काढायला लावलं. अठ्ठावीस तारखेला निघतो. आजवर प्रत्येक ठिकाणाहून पळून आलो, या वेळी पहिल्यांदा कुठेतरी पोहोचायचंय. मला माती द्यायला यायचं नाही, तुम्हाला भेटायला यायचंय.

लोभ तर आहेच. या खेपेस फक्त थांबावं, ही विनंती.

तुमचा
मुनीर