पडद्यावरचे थोरले चिरंजीव

सोमवार, ३ मार्च

शवपेटिकाधिपती, पुष्पचक्रचूडामणी, गांभीर्यमार्तंड, शोकसभाधुरंधर, कृष्णवस्त्रविभूषित, दोन पिढ्यांच्या अंत्यविधिगृहाचे विद्यमान चालक — म्हणजे अस्मादिक — यांस आजपासून दूरचित्रवाणी मालिकेचे ‘तांत्रिक सल्लागार’ हे अतिरिक्त पद बहाल झाले आहे. पदग्रहण समारंभास उपस्थिती: मी, दिग्दर्शक, आणि चहाचे दोन पेले. पैकी एक फुटका.

मालिकेचा विषय — एक कुटुंब, त्यांचे अंत्यविधिगृह, आणि एकमेकांचे गळे.

दिग्दर्शक म्हणाला, “सर, खाली मृतदेह आणि वर भांडणं. घरातलं कोणी कोणाशी धड बोलत नाही. असं खरंच कुठे असतं का हो?”

मी म्हणालो, आपल्या कल्पनाशक्तीस वंदन असो.

त्याच वेळी वरच्या मजल्यावरून अंथरुणाला खिळलेले तीर्थरूप आणि खालच्या कार्यालयातून माझी थोरली भगिनी जिन्याच्या दोन टोकांनी एकमेकांचा उद्धार करीत होते. विषय: टीव्हीचा आवाज. दिग्दर्शकाला वाटले, शोकाकुल मंडळी आहेत. त्याने मान खाली घातली.

गुरुवार, ६ मार्च

संहिता वाचली. पहिल्याच भागात थोरली सून धाकट्या दिराला शवपेटीत कोंडून बाहेरून कुलूप लावते. मी नम्रपणे निदर्शनास आणले, की शवपेटीला कुलूप नसते. आतल्याला बाहेर यायचे नसते, बाहेरच्याला आत जायचे नसते, कुलूप कोणासाठी?

“सर, कुलूप म्हणजे ड्रामा.”

सल्ला समाप्त.

सोमवार, १० मार्च

चित्रीकरणस्थळी गेलो. मृताला न्हाऊ-सजवण्याच्या, म्हणजे तयारीच्या खोलीत झुंबर. होय, झुंबर. प्रेताचे काम करणारा इसम मध्येच शिंकला. त्याला पुन्हा मरण्यास सांगण्यात आले.

बुधवार, १२ मार्च

मालिकेतील थोरल्या मुलाची भूमिका वठवणारे नटवर्य आज ‘काम शिकायला’ अवतीर्ण झाले. त्यांच्या अत्तराचा लोट त्यांच्या अगोदर खोलीत शिरला. इतके सुगंधित होऊन माणसे आमच्याकडून आडवी बाहेर जातात. उभी आत येत नाहीत.

शिकवले. टेबलावरच्या मृताचे हात कोमट पाण्याने कसे पुसायचे. केसांचा भांग कुटुंबीयांनी दिलेल्या छायाचित्रात असेल तसाच, आपल्याला शोभेल तसा नव्हे. नटवर्य मन लावून पाहत होते. मन लावून पाहण्याचाही त्यांना मोबदला मिळत असावा. मग विचारतात,

“दादा, काम करताना तुम्ही यांच्याशी काय बोलता?”

“कोणाशी?”

त्यांनी हनुवटीने टेबलाकडे खूण केली.

“काहीही नाही. ते हरकत घेत नाहीत, मी चौकशी करत नाही. आदर्श संबंध आहे.”

नंतर तीर्थरूपांना ‘नुसता नमस्कार करून येतो’ म्हणून वर गेले, ते दुपार उलटेपर्यंत वरच. खाली आले ते हसत. त्या खोलीतून मी कधी हसत उतरल्याचे स्मरत नाही.

शनिवार, २९ मार्च

पहिला भाग प्रसारित. तीर्थरूपांच्या खोलीत सहकुटुंब दर्शन — म्हणजे ते पलंगावर, ताई खुर्चीत, मी चौकटीला टेकून. कुलूप होते. झुंबर होते. सून होती, डोळे वटारण्यापलीकडे तिला अभिनय ठाऊक नाही.

मग नटवर्यांनी मृतदेहाचा हात हाती घेतला आणि हलकेच म्हणाले, “आता डावा हात उचलतो हं, काका. गार लागेल थोडं.”

हे संहितेत नव्हते. मी हसलो. एकटाच.

तीर्थरूपांनी आवाज वाढवला. “बघ. हा सांगून करतो.”

“मेलेल्याला सांगून काय उपयोग, बाबा?”

“मी आयुष्यभर सांगितलं.”

हे खरे आहे. तीर्थरूप सर्वांशी बोलत: आता बाही घालतो, आता मान सरळ करतो. बोलत नसत ते फक्त जिवंतांशी. हे मी मनात म्हणालो. मनात मी फार निर्भीड आहे.

मंगळवार, ८ एप्रिल

आज एक बाई आल्या. काल यजमान गेले. मी माझा सुप्रसिद्ध गंभीर चेहरा धारण करून सर्व व्यवस्था समजावली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “ते टीव्हीतले येतील का हो?”

“बाई, ते नट आहेत.”

“असू देत ना. ते प्रेमाने करतात.”

पलीकडे ताईला खोकला आला. तो खोकला नव्हता.

“चालक अनुभवी आहे हो, पण एक झुंबर कमी पडलं,” बाई गेल्यावर ती म्हणाली.

“तू तुझं टपाल बघ.”

“बघतेच आहे. त्याच्या नावाने आपल्या पत्त्यावर चार पत्रं आलीत. तुझ्या नावाने विजेचं बिल.”

शुक्रवार, ११ एप्रिल

डॉक्टर येऊन गेले. जिन्यात हळू बोलले, म्हणजे समजले.

सायंकाळी तीर्थरूपांनी दोघांना बोलावले. सविस्तर मृत्युपत्राची अपेक्षा होती. वाक्य एकच आले. “माझं सगळं त्याने करायचं. त्या नटाने. मी त्याला विचारलंय.” आणि माझ्याकडे पाहून, “तू तेव्हा तयारीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाहीस.”

मी विचारले, “का?”

“सांगितलं ना, नाही.”

या इमारतीतून आजवर गेलेल्या प्रत्येक माणसाची शेवटची गुंडी मी लावली आहे. या एका माणसाचे काम तरी आपल्याकडेच येणार, हे गृहीत धरून होतो. त्यासाठी त्यांचा भांगही पाहून ठेवला होता. डावीकडून, जरा वर. कोणाला सांगितले नव्हते.

ताई जिन्यात म्हणाली, “मनाला लावून घेऊ नकोस.” ताईने सांत्वन करणे म्हणजे प्रकरण खरोखर हाताबाहेर गेले.

सोमवार, १४ एप्रिल

चित्रीकरणस्थळी जाऊन नटवर्यांना बाजूला घेतले. डोळ्यांत ग्लिसरीन घालून बसले होते. समस्त संभाषण त्यांनी अश्रू ढाळीत केले. मला ते अत्यंत असभ्य वाटले.

“आपण नकार द्यावा,” मी म्हणालो. “आपण मृत्यूचे सोंग करता. मी मृत्यूचे काम करतो.”

“दादा, मी शब्द दिलाय त्यांना.”

“ते वृद्ध आहेत, आजारी आहेत, मालिका बघतात. तिन्ही अवस्थांत बुद्धीवर परिणाम होतो.”

“त्यांची बुद्धी शाबूत आहे.”

“मग कारण सांगा. माझ्या हातात काय खोट आहे?”

नटवर्यांनी नाक पुसले. “कारण आधी सांगायचं नाही, असं ठरलंय. नंतर सांगेन. माझ्यावर रागवा हवं तर.”

रागावलो. पूर्ण व्याकरणशुद्ध रागावलो. ते ऐकून घेत राहिले. पुढच्या दृश्यात वापरतील.

मंगळवार, १५ एप्रिल

सल्लागारपदाचा राजीनामा दिला. दिग्दर्शक म्हणाला, “कोणत्या पदाचा, सर?”

बुधवार, २३ एप्रिल

तीर्थरूप गेले. दुपारी. ताई उशाशी होती. मी खाली कोणा परक्याची नखे साफ करीत होतो.

गुरुवार, २४ एप्रिल

नटवर्य आले. चित्रीकरण सोडून, साध्या सदऱ्यात, बिनअत्तराचे. माझ्याकडे न पाहता तयारीच्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतले. मी बाहेर बाकावर. स्वतःच्या व्यवसायाच्या दाराबाहेर, आत काय चालले आहे हे ठाऊक नसलेल्या नातेवाइकासारखा.

आवाज येत होता. “आता डावा हात उचलतो हं, बाबा. गार लागेल थोडं.” नंतर पाण्याचा. नंतर बराच वेळ काहीच नाही. मला वाटले, पळाला.

मग दार किलकिले झाले. “दादा, टायची गाठ जमेना.”

जमणार नाहीच. समोरच्याच्या गळ्यात गाठ उलटी पडते. ती स्वतःच्या गळ्यात मारायची, सैल करून काढायची, मग घालायची. मालिकेवाल्यांना हे सांगायचे राहून गेले. झुंबरात वेळ गेला. मी टाय माझ्या गळ्यात घातला, गाठ मारली, काढून दाराच्या फटीतून दिला. मला आत येण्याची मनाई होती. माझ्या हातांना नव्हती, असा अर्थ मी काढला.

“भांग डावीकडून,” मी म्हणालो. “जरा वर.”

“सांगितलंय त्यांनी.”

सोमवार, २८ एप्रिल

शुक्रवारी निरोपसभा झाली. सवयीने मी सभागृहाच्या दाराशी जाऊन उभा राहिलो, तोच नटवर्यांनी कोपराला धरून सर्वांदेखत मला पहिल्या रांगेत नेले आणि कानात सांगितले. तीर्थरूपांचे शब्द, जसेच्या तसे: “त्याच्या हातात काही खोट नाही, माझ्यापेक्षा चांगले हात आहेत. पण स्वतःची आई गेली तेव्हाही तो फुलांच्या गाडीला जागा दाखवत उभा होता. मीच उभा केला होता. माझं काम त्याच्याकडे दिलं, तर तो कामच करेल. त्याला खाली बसवा.”

बसलो. ताईशेजारी. दाराशी नटवर्य उभे राहिले.

येथे एक गंभीर बाब नमूद करणे प्राप्त आहे. पहिल्या रांगेतल्या त्या खुर्च्यांवर आजवर मी कधी बसलोच नव्हतो. त्या सदोष आहेत. कुरकुरतात. माणूस जरासा हलला तरी कुरकुरतात. माझी तर सभा संपेपर्यंत एकसारखी वाजत होती, इतकी, की ताईने शेवटी माझ्या पाठीवर हात दाबून धरला. इतक्या वर्षांत एकाही शोकाकुल कुटुंबाने याची तक्रार का केली नाही, हे अनाकलनीय आहे. आज सुताराला बोलावले. त्याने बसून पाहिले, डोलून पाहिले, उलटी करून पाहिली. म्हणतो, खुर्ची ठणठणीत आहे, वाजत नाही. दुसरा सुतार शोधावा लागेल.