न ऐकलेले सहा नळे

मामा, काल यंदाचा हंगाम आवरला. वैशाखातली शेवटची जत्रा झाली आणि शोभेच्या दारूकामाचं सगळं सामान टेम्पोतून उतरवून मी अंगणात मांडलं. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, तरी नळे पुसायला बसले की वाटतं, तुम्ही शेजारी पाट टाकून बसाल आणि माझ्या हातातलं फडकं काढून घ्याल. आता लोखंडी नळे गेले, जाड प्लॅस्टिकचे आले. काम तेच आहे. बांबूला चिंध्या गुंडाळून आतली काजळी काढायची, दोन दिवस उन्हात वाळवायचे, तोंडाला गोणपाट बांधून शेडमधल्या फळ्यांवर आडवे ठेवायचे, वायरींची भेंडोळी उंदरांच्या तावडीतून वर टांगायची.

तुमच्या घरात सून म्हणून आले तेव्हा मला आकाशात फुटणारे गोळे तेवढे ठाऊक होते. ते ज्या नळ्यातून वर जातात, त्याला एरवी वर्षभर सांभाळावं लागतं, हे तुम्ही शिकवलंत. पहिल्याच वर्षी पावसाच्या घाईत मी दोन ओले नळे तसेच शेडमध्ये लोटले. तुम्ही ते बाहेर काढून शेजारणींच्या देखत माझ्यापुढे ठेवलेत आणि म्हणालात, "पोरी, गोळा काय, एकदा उडाला की संपला. नळ्याजवळ मानूस उभं ऱ्हातंय." मला लाज वाटली, रागही आला. पण पुन्हा ओला नळा आत गेला नाही.

पुढं तुमचे कान गेले. आयुष्यभर धमाक्यांजवळ उभं राहणाऱ्याचे जातात, तसेच. नळा दोरीनं टांगून लाकडी दांड्यानं ठोकायचा. चांगला असला तर घंटेसारखा वाजतो, सांध्याला चीर असली तर भद्द आवाज येतो. हे शिकवलंत तुम्ही आणि आता तुम्हालाच ऐकू येईना. मग तुम्ही ठोकायचं आणि मी ऐकायचं, असं ठरलं. "वाजला का?" माझ्या तोंडाकडं बघत तुम्ही विचारता, वाजला असला की मी मान हलवते. भद्द वाजलेला नळा तुम्ही तिथंच घणानं चेपून टाकता. "ठिवला तर कवातरी कुनीतरी भरनारच," म्हणता. तुमचा लेक एकदा म्हणाला, "मी ऐकतो की." तर तुम्ही, "न्हाई, तिचा कान लई बारीक हाय," म्हणून मलाच बसवलंत.

एका वर्षी जामखेडहून निरोप आला होता, माझी आई आजारी असल्याचा. दुपारची एसटी गाठायची होती आणि सगळ्यांत मोठे सहा नळे तेवढे तपासायचे उरले होते. तुम्ही ठोकत होतात, मी पिशवीत कपडे कोंबत होते. सहाही वेळा तुम्ही विचारलंत. सहाही वेळा मी मान हलवली. ऐकला एकही नाही.

पुढच्या चैत्रात, सोनईकडच्या एका जत्रेत, त्या मोठ्या सहांपैकी एक नळा बाजूनं फाटला. भोवती वाळूची पोती होती, बघ्यांना तुम्ही दोरीबाहेर लांब उभं केलं होतं, म्हणून दुसऱ्या कुणाला लागलं नाही. लोखंडाचा तुकडा तुमच्या पोटरीत घुसला. दवाखान्यात तुमचा लेक विचारत होता, "तपासला नव्हता व्हय?" त्याच्या ओठांवरून तुम्हाला कळलं. म्हणालात, "माझ्याच हातून सुटला आसंल. म्हातारा झालो आता." मी खाटेच्या पायथ्याशी चहाचा पेला धरून उभी होते. तुम्ही माझ्याकडं पाहिलं नाहीत. तो पाय मग शेवटपर्यंत ओढतच चाललात.

त्या उन्हाळ्याअखेर आपण पुन्हा तपासायला बसलो, तेव्हा तुम्ही प्रत्येक नळा दोनदा ठोकलात. एकदा ठोकून, "वाजला का?" मग तळहात नळ्याला लावून पुन्हा एक ठोका. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. तरी मला तिथून उठवलं नाहीत, माझ्या जागी दुसऱ्या कुणाला बसवलं नाहीत.

प्लॅस्टिकचा नळा तसा वाजत नाही. मी बॅटरी लावून आत बघते, बाहेरून बोटं फिरवते. तुमचा लेक म्हणतो, "किती येळ लावतीस." लावते. काल एकाला केसाएवढी चीर दिसली, तो करवतीनं उभा कापून टाकला.

हे वहीतच राहील, तुमच्या लेकालाही दाखवणार नाही. इतकी वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले, की तुम्ही एकदा जरी विचारलं असतंत, तर मी खरं सांगितलं असतं. तसं नाही, मामा. त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही विचारलं असतंत, तर मी म्हणाले असते, "वाजला हुता."