वाकड्या पट्ट्याच्या माशाची आणि इतर मालमत्तेची व्यवस्था

मी खाली सही करणार, वय वर्षे एकाहत्तर, चाळीस वर्षं कवळ्या बनवून आता घरी बसलेला, हे मृत्युपत्र राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून ठेवत आहे. अक्कलहुशारीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझे मेहुणे शंका घेतील. ते माझ्या लग्नापासून घेत आले आहेत. माझं हृदय बेभरवशाचं झालं आहे, डोकं नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी दाखवलं तर ते खोटं समजावं.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर व गॅलरी, माझ्या एकुलत्या एका मुलीला, जिला आम्ही घरात ठमी म्हणतो. बँकेत असेल तेही तिलाच. घर विकायचं तर खुशाल विकावं. फक्त माशांच्या टाकीच्या वजनाने बाहेरच्या खोलीची फरशी एका कोपऱ्यात खचली आहे, हे घेणाऱ्याला आधी सांगावं.

कलम २. माझी हत्यारं, म्हणजे मेण कापायच्या सुऱ्या, कानशी आणि भिंगाचा दिवा, कामावर शेजारच्या टेबलाशी बसणाऱ्या माझ्या सहकाऱ्याला. एकोणीस वर्षं तो ती न विचारता नेत होता. आता विचारायचा प्रश्नच मिटला.

कलम ३. मेहुण्यांना त्यांची वरची कवळी. 'टोचते' म्हणून त्यांनी ती माझ्याकडे परत टाकली आणि दुसरीकडून नवी करून घेतली. ती टोचत नव्हती. माझी बायको गेली त्या आठवड्यात मात्र त्यांनी टाकीच्या काचेवर टिचकी मारून विचारलं होतं, "याचे कितीसे येतील हो?" मी त्यांना माफ केलं आहे. कवळी तरीही त्यांनी न्यावीच.

कलम ४. खाऱ्या पाण्याची टाकी, तिचं सगळं सामान आणि तिच्यातली क्लाउनफिशची जोडी. वकीलबाई म्हणतात, एका ओळीत होईल. होणार नाही.

ठमी चौदा वर्षांची असताना आम्ही दोघांनी जोडी निवडली. या माशांत जो अंगाने मोठा होतो तो मादी बनतो, लहान राहतो तो नर. आणि मादी मेली तर नरच हळूहळू मादी होतो. म्हणून एक थोराड आणि एक लहानखुरा घ्यायचा. मासा निवडताना नक्षी बघू नये, भूक बघावी, हा माझा नियम. दुकानदाराने खाणं टाकल्यावर जी आधी झेपावली ती मी घेतली. तिचं नाव मोठी. ठमीने कोपऱ्यातला एक बारका दाखवला. त्याचा मधला पांढरा पट्टा वाकडा होता.

मी म्हटलं, "कोणीतरी घाईत रंगवल्यासारखा दिसतोय."

"बाबा, तू दिवसभर लोकांना सरळ दात करून देतोस," ती म्हणाली. "घरात एक वाकडं राहू दे की."

वाकड्या घरी आला. मोठी टाकीतल्या कुंडीच्या खापरावर अंडी घालायची, आणि वाकड्या त्यांना परांनी वारा घालत राखण करायचा. पिल्लं मात्र जगत नसत. पिल्लाच्या अंगावर पहिला पट्टा उमटताना बघायचा, एवढीच आम्हा बापलेकीची हौस होती. अंडी असली की घरात तारीखसुद्धा त्यावरून चालायची: आज दिवस चौथा, परीक्षा दिवस सातवा.

ठमी वीस वर्षांची असताना तिची आई बारा दिवस रुग्णालयात होती. मी आईपाशी, ठमी घरी माशांपाशी, ही वाटणी माझीच. बाराव्या दिवशी सकाळी बायको गेली. मी घरी आलो तर मोठी तळाशी आडवी पडलेली. मोजलं, तर पाण्यात मीठ भलतंच वाढलेलं. टाकीतलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं, म्हणून वरून साधं पाणी भरायचं असतं. ठमीने मिठाचं भरलं होतं. जिची आई त्याच सकाळी गेली होती, त्या मुलीला मी म्हणालो, "एक काम सांगितलं होतं तुला. तेवढंही जमलं नाही."

 महिन्याभरात ती नोकरी धरून दुसऱ्या गावी गेली. त्याला नऊ वर्षं झाली. दर रविवारी फोन येतो. "बरे आहात ना?" "बरा आहे." "औषधं घेता ना?" पूर्वी ती मला 'अरे बाबा' म्हणायची. भांडली असती तर परवडलं असतं.

एकट्या राहिलेल्या वाकड्याची रीतीप्रमाणे मादी झाली. मी तिला लहानसा जोडीदार आणला. पाच वर्षांपूर्वी त्यांची पिल्लं मी जगवली. दहाव्या दिवशी सकाळी एकाच्या अंगावर पट्टा दिसला आणि मी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "ठमे, लवकर ये." हाक मारून झाल्यावर आठवलं. त्या रविवारी फोनवर मी पिल्लांचा विषय काढला नाही.

गेल्या महिन्यात या मृत्युपत्रासाठी घराचे कागद शोधताना माशांची जुनी वही हाती लागली. त्यात रुग्णालयात जाताना मी ठमीसाठी खरडलेली यादी होती. पाचवी ओळ: "पाणी रेघेखाली गेलं की बादलीतलं भर." टाकीशेजारी तेव्हा एकच बादली होती, मीच मिठाचं पाणी कालवून ठेवलेली. साध्या पाण्याचा कॅन गॅलरीत होता. पोरीने मी लिहिलं तसंच केलं होतं. बारा दिवस रोज बरोबरची खूण. अकराव्या दिवसापुढे तिच्या अक्षरात: "आज आईकडे जायचं होतं. बाबा म्हणाला, उद्या ये, मोठी अंडी घालेल, तू थांब."

मी तसं म्हणालो होतो. मला आठवतं.

तिची आणि तिच्या आईची शेवटची भेट मी एका माशापायी घालवली, आणि मग त्या माशाचाही दोष तिच्याच माथी मारला. ठमे, चूक माझी होती, दोन्ही माझ्याच. गेले चार रविवार फोनवर सांगायला बघतोय, पण 'बरा आहे'च्या पुढे जीभ रेटत नाही. म्हणून साक्षीदारांदेखत लिहून देतो आहे. मला तुझी फार आठवण येते.

कलम ५. कलम ४ आजपासून लागू. वकीलबाई म्हणाल्या, "काका, मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात." मी म्हटलं, "गेल्यावर मी तिला भेटणार कसा?" त्यांनी चष्मा पुसला आणि नक्कल आजच्या टपालाने पाठवायचं कबूल केलं. जोडी आता ठमीची आहे. न्यायची तर न्यावी, नको असेल तर तसं येऊन सांगावं. फोनवरचा नकार ग्राह्य धरला जाणार नाही.

सूचना, या वेळी नीट लिहिलेली: पाणी रेघेखाली गेलं की साधं पाणी भरावं, गॅलरीतल्या पांढऱ्या कॅनमधलं. वाकड्याला मी अजून वाकड्याच म्हणतो, ती अंडी घालत असली तरी. कालच घातली आहेत. आठव्या संध्याकाळी दिवा मालवला की पिल्लं निघतील. एकट्याने बघायचं आता जिवावर येतं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, आणि खालील दोघांसमोर सही केली.

साक्षीदार: १. समोरच्या दारातले घड्याळजी (सही)
२. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई (सही)

ठिकाण: बाहेरची खोली, टाकीसमोर.
लिहून देणार: ठमीचा बाबा (सही)
तारीख: दिवस दुसरा.