थोरल्याच्या नावावर धाकट्याचे रक्त

प्रति,
मा. तालुका आरोग्य अधिकारी,
इंदापूर, जि. पुणे.

अर्जदार : गेणबा बिरू कोळेकर, वय ५८, रा. लासुर्णे

विषय : अर्जदाराच्या नावे लागलेला आजार त्याच्या धाकट्या भावाच्या नावे लावून मिळणेबाबत.

संदर्भ : लासुर्णे येथील आरोग्य शिबिर, दि. २४ नोव्हेंबर २०२४.

महोदय,

१. सदर शिबिरात अर्जदार व शाळेची गाडी चालवणारा धाकटा भाऊ जोतीराम एकाच रांगेत उपाशीपोटी उभे होते. अर्जदाराचा चष्मा घरी राहिल्याने दोघांचे फॉर्म जोतीरामच्या हाती होते. घरचे सगळे कागद तोच सांभाळतो, त्यामुळे अर्जदाराला त्यात वावगे वाटले नाही.

२. आठ दिवसांनी रिपोर्ट आले. जोतीरामचा चांगला. अर्जदाराच्या नावच्या रिपोर्टात जीजीटी नावाचे एंझाइम तिप्पट वाढलेले, कोलेस्टेरॉलही वर. डॉक्टर म्हणाले की हे एंझाइम दारूने वाढते, आणि ते वाढलेल्या माणसांत हृदयविकाराचा धोकाही जास्त दिसतो. मग चारचौघांत विचारले, रोज किती घेता? अर्जदार तीस वर्षे माळकरी आहे. माळ दाखवली, तर डॉक्टर नुसते हसले. पत्नी कुशाबाई त्या दिवसापासून अर्जदाराचे तोंड हुंगून मगच ताट वाढू लागली. डॉक्टर विचारत होते तेव्हा जोतीराम शेजारीच उभा होता; त्याने आपला रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला.

३. पुढे सहा महिने अर्जदाराचा चहा बंद, शेंगदाण्याची चटणी बंद, कोलेस्टेरॉलची गोळी रोज सुरू. ऊसतोडीला बांधावर बसवून ठेवले, मोळीला हात लावू दिला नाही. वर जोतीरामच येऊन दटावी, "दादा, जिवाला जपा. कागद खोटं बोलत न्हाय." हे बोलणे अर्जदार मरेपर्यंत विसरणार नाही.

४. अर्जदाराची मुलगी प्राची बारामतीत नर्सिंग शिकते. मे महिन्यात तिने रिपोर्ट पाहिला. त्यावर रक्तगट बी पॉझिटिव्ह, आणि अर्जदाराच्या रक्तदानाच्या कार्डावर ओ पॉझिटिव्ह. बारामतीत पुन्हा तपासले, सर्व ठीक निघाले. जोतीरामला विचारले, तेव्हा त्याने मान खाली घालून कबूल केले, "व्हय, म्या फॉर्म बदललं. चालताना छाती भरून येत हुती. शाळेची गाडी हातची गेली असती. तुमी शेतात असता, तुमचा कागद कोण बघतंय?"

५. ज्याला कडेवर घेऊन वाढवले, त्याने असे केले. अर्जदार अपमान गिळील. परंतु जोतीराम शाळेच्या चोवीस मुलांची ने-आण करतो, संध्याकाळी गुपचूप पितो, आणि घरच्यांनी डॉक्टरकडे चल म्हटले की अर्जदाराच्याच रक्ताचा रिपोर्ट पुढे करतो. शाळेतही तोच दाखवला आहे. रिपोर्ट चांगला म्हणून त्याला गोळी नाही, आणि निरोगी अर्जदाराच्या नावे गोळ्या येत राहिल्या. सोमवारी शाळा उघडत आहे.

६. तरी नावे दुरुस्त करून जोतीरामची फेरतपासणी व्हावी, ही विनंती. अर्जदार त्याच्याशी बोलत नाही, पण त्याला खांदा द्यायची तयारीही नाही. आज सकाळी अर्जदाराने गाडीची चावी त्याच्या खुंटीवरून न विचारता उचलली. ही चोरी ठरत असल्यास शिक्षा मान्य आहे. चावी सोबत जोडली आहे. घरून कळल्यावर ती मागायला तो आपल्याकडे येईलच. आला की आधी त्याचे रक्त घ्यावे.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
आपला नम्र,
गेणबा बिरू कोळेकर
दि. १३ जून २०२५

सोबत :
१. शिबिराचे दोन्ही रिपोर्ट
२. रक्तदान कार्ड व बारामतीचा रिपोर्ट
३. उरलेल्या गोळ्या (जोतीरामसाठी, आपण योग्य म्हणाल तर)
४. गाडीची चावी, एक. दुसरी नाही.