पायलची अकरा बोटं

१९ नोव्हेंबर २००३
बारावा दिवस. पायलचे कान टोचले. सालेकशाहून सोनार घरीच आला. डोकं मीच धरलं, दुसरं कोणी धरलं असतं तर माझा जीव राहिला नसता. पहिल्या कानाला पोरगी झोपेतच, दुसऱ्याला मात्र घर डोक्यावर घेतलं. मग हळद, तेल, झालं. सोनाराचं लक्ष कानापेक्षा तिच्या डाव्या हाताकडे. करंगळीच्या बाजूला अजून एक बोट आहे तिला. नखासकट, पुरतं.
"सहा बोटं! नशीब काढीन पोरगी," सोनार.
सासूबाई जन्मापासून हेच म्हणून राहिल्या, लक्ष्मीचं बोट. ह्यांना विचारलं तर म्हणे, "लक्ष्मी येवो का जावो, गोंदियाले नेऊन काढून टाकू." पहिल्यांदा बाळंत झालेलीचं ऐकतो कोण! पण ते नख काय सुंदर आहे. तांदळाच्या कणीएवढं.

१२ जानेवारी २००४
पॅसेंजरने गोंदिया. डॉक्टरांनी बोट इकडून तिकडून हलवून पाहिलं. आत हाड आहे. लहानपणी काढलं तर लवकर भरतं, तिला आठवणारही नाही. मोठेपणीही काढता येतं, पण दुखणं कळतं, शाळा बुडते, व्रण जरा जास्त राहतो.
मी विचारलं, या बोटाचा तिला त्रास काय?
"तसा काहीच नाही."
मग काढायचं कायले? येताना गाडीत ह्यांना हेच विचारलं. "लगनाच्या वेळी पाहुणे हात पाहतीन ना तिचा." घ्या! पोरीला अजून दात नाही अन् ह्यांच्या डोळ्यापुढे वरात.

६ मार्च
होळीला आम्ही तिघंही माहेरी, चिचगडला. आईने बोट पाहून आधी पापा घेतला, मग रडली, मग पुन्हा पापा.
आजीची फार आठवण आली. माझ्या हनुवटीवरचे तीन हिरवे ठिपके तिचे. म्हणजे तिने दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत माझ्यावर गोंदवून घेतलेले. पाच वर्षांची होते मी. जिलेबी देते म्हणाली अन् गोंदणारणीपुढे बसवलं, पाय स्वतः धरले. जिलेबी मिळाली, पण तोंड सुजलेलं, खाता आली नाही. पुढे गोंदियाला कॉलेजात पोरी "गोदनावाली" म्हणायच्या. फोटो काढताना मी हनुवटीवर हात ठेवायची. आजीवर राग होता, तिच्या तेराव्यालाही होता.
तेव्हाच ठरवलेलं, माझ्या लेकराच्या अंगावर त्याला विचारल्याशिवाय काही नाही. आज ह्यांना तसं ठणकावून सांगितलं.
हे म्हणाले, "अन् कान?"
"कानाचं वेगळं."
"काऊन वेगळं?"
दोन पोळ्या करपल्या.

२ फेब्रुवारी २००५
ह्यांनी मला न सांगता डॉक्टरांकडून तारीख आणली. पुढच्या सोमवारची! मी म्हटलं, नेऊन तर दाखवा.

५ फेब्रुवारी
तीन दिवस अबोला. सासूबाई मधे बसून दोघांचे निरोप पोचवतात, वर आपले दोन शब्द घालतात. आज त्या माझ्या बाजूने. पण त्यांची बाजू लक्ष्मीची, माझी बाजू पायलची. एका बाजूला असूनही आमचं पटत नाही.

७ फेब्रुवारी
सोमवार आला अन् गेला. कोणी कुठं गेलं नाही. हे वावरातून आले, पायलला मांडीवर घेतलं अन् तिच्याच बोटांशी खेळत म्हणाले, "बरं. इले विचारू. पण केव्हा? इचं लगन झाल्यावर?"
"नऊ वर्षांची झाली की."
नऊच का, मलाही माहीत नाही. तोंडात आलं ते बोलले. ह्यांनी मात्र लगेच मान्य केलं. वाईट माणूस नाही माझा. घाई फार.

१८ सप्टेंबर २००७
आज पोट दुखेपर्यंत हसले. माझ्या अंगणवाडीत पोरांना आकडे शिकवून राहिले होते. मी नेहमीसारखं सांगितलं, दोन्ही हाताची बोटं मोजा, किती झाली? सगळे "दहा!" आमची पायल सगळ्यात शेवटी, अगदी ठामपणे, "अकरा." पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा अकरा. बरोबरच आहे तिचं! मग बाकीच्यांना शंका. सगळ्यांनी आपापली बोटं पुन्हा मोजली अन् शेजारची पिंकी भोंगाच पसरून, "बाई, माहं एक कमी हाय!" तिचं पाहून अजून दोघी रडायला लागल्या. खिचडी वाटली तेव्हा कुठं शांत झाल्या.
ह्यांना सांगितलं तर तेही हसले. मग म्हणाले, "शाळेत हसतीन तिले, पाहाय." मी म्हटलं, शाळेचं शाळेत पाहू.

१५ जुलै २००८
रोवणा सुरू, धानाची लावणी. सासूबाईंनी रोपांची पहिली जुडी पायलच्या हाती दिली, लक्ष्मीच्या बोटाने बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, मुहूर्त. डाव्या हातात जुडी, उजव्याने चार रोपं लावली, चौथं लावताना स्वतःच चिखलात बसली. बाया हसून हसून बेजार. शेजारच्या काकूने तर आपल्या बांधीतही तिला उचलून नेलं. घरी आली ती डोक्यापासून पायापर्यंत चिखल, डोळे तेवढे दिसत होते. फार चांगला दिवस.

३० नोव्हेंबर
धान बरं झालं. सासूबाई गावभर सांगून राहिल्या, बोटाने झालं. हे वैतागले. "खताचं नाव घ्या ना कोणी! पाणी मी दिलं, तण तुम्ही काढलं. अन् नाव बोटाचं."
मी बोटाच्याच बाजूने. हसत हसत, पण बाजूने.

२२ जुलै २००९
ह्यांचं खरं झालं. पहिलीत एक पोरगी "सहाबोटी" म्हणते. मी तणतणत शाळेत जायला निघाले, पायलनेच पदर धरला. "नको जाऊ माय. मी तिले म्हटलं, तुले हात लावू देतच नाही. आता थेच मांगे मांगे फिरून राहिली, एकडाव लावू दे म्हणून."
बोटाला हात लावायला मधल्या सुट्टीत रांग लागते म्हणे. ही पोरगी माझ्यापेक्षा शहाणी आहे. मी सहा वर्षं हनुवटी झाकत फिरले.

१६ नोव्हेंबर २०१०
गावची मंडई. बांगड्या भरताना बोट अडलं. कासाराने साबण लावला, दाबून पाहिलं, दोन काचा फुटल्या, बोटाच्या बुडाशी जरा खरचटलं. मग दोन मापं मोठ्या बांगड्या भरल्या. त्या घरी येईपर्यंत दोनदा निसटल्या. पायल रडली नाही. रस्ताभर त्या वर सरकवत चालली. मी म्हटलं, डावा हात मोकळा ठेव, कोणाचं काय जातं. तिने मान हलवली.
हे ऐकत होते, काही बोलले नाही. बोलले असते तर बरं, भांडता आलं असतं.

१ नोव्हेंबर २०११
मंडईत गोंदणारी बाई आता मशीन घेऊन येते. बॅटरीवर घर्रर्र. पायल हट्टाला पेटली, मला तुझ्यासारखे तीन ठिपके पाहिजे हनुवटीवर.
नाही म्हटलं. अजून लहान आहेस. मोठी झाली की ठरव.
"बोट माहं, अन् हनुवटी तुही काय?"
सासूबाई खो खो हसल्या. ह्यांनी तोंड फिरवलं, पण खांदे हलत होते. मी जिलेबी घेऊन दिली अन् घेऊन देताना आजी आठवली. या वेळी राग नव्हता. ठिपके मला आवडतात आता, कधीपासून ते सांगता येणार नाही. मग आजीचं चुकलं की नाही? पाय धरायला नको होते एवढं नक्की. पण पायलला तेच ठिपके पाहिजे म्हटल्यावर छाती भरून आली, हेही खरं.

७ नोव्हेंबर २०१२
नऊ पूर्ण. सकाळी खीर केली. जेवणं झाल्यावर तिला आमच्या दोघांच्या मधे बसवलं अन् सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले, दुखेल किती, सुट्टी किती, राहू दिलं तरी काही बिघडत नाही. दोन्ही बाजू सारख्या सांगितल्या. ह्यांनीही मान्य केलं की सारख्या सांगितल्या.
ती माझ्याकडे पाहत होती. म्हणाली, "राहू दे."
मी तिला कुशीत घेतलं. आठ वर्षं धरून ठेवलेला शब्द पाळला, पोरीला विचारलं, तिने स्वतःचं सांगितलं. संध्याकाळी पुन्हा खीर. हे दोन वाट्या खाऊन झोपले, हरल्याचं तोंड नाही केलं.
सासूबाईंनी बोटाला कुंकू लावलं.

२० नोव्हेंबर
आज कळलं. पायल ह्यांच्याशी वावरात बोलली, परवाच. "बाबा, मले डॉक्टरले भेटाचं हाय." हे दोन दिवस पोटात ठेवून होते. मला सांगताना चाचरत होते, मी ओरडेन म्हणून.
ओरडले. मग विचारलं, काढायचं म्हणते का?
"नाही म्हणे. काढाचंही नाही म्हणे, ठेवाचंही नाही म्हणे. डॉक्टरले विचाराचं हाय म्हणते."
मला का नाही सांगितलं तिने? मी तर तिच्याच बाजूने होते पहिल्यापासून.

२४ नोव्हेंबर
गोंदिया. दवाखान्याच्या बाकावर बसून लिहून राहिले. तेच डॉक्टर, केस पिकले आता. गाडीत पायल खिडकीशी, डावा हात बाहेर काढत होती, मी आत घेत होते. सालेकशापासून गोंदियापर्यंत तेच. मजेत होती. चणे खाल्ले.
नंबर आला. मी उठले तर म्हणाली, "तू नको येऊ. बाबा येतीन. बाबानं शपथ घेतली, बोलणार नाही."
"अन् मी काऊन नको?"
"तू काही बोलत नाहीस, पण तुहं तोंड पाहिलं का मी तुह्याच मनातलं बोलून देते. खीर केली होती ना, त्या दिवशी बी तसंच झालं."
रागावून नाही बोलली. पदराची घडी नीट करून दिली माझ्या, अन् गेली. हे मागे वळून माझ्याकडे पाहत पाहत आत गेले.
म्हणजे त्या दिवशी दोन्ही बाजू सारख्या सांगून काय उपयोग झाला? ठेवायचं हे माझ्याच तोंडावर लिहिलेलं. तिने पाच वर्षांच्या माझ्यासारखी बसून जिलेबी घेतली फक्त. आजीने पाय तरी उघड उघड धरले होते.
दार बंद आहे. आतून तिचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. मधेच हसली. डॉक्टरही हसले. ह्यांचा आवाज एकदाही नाही, शपथ पाळून राहिले बिचारे.
काय सांगत असेल? आठ वर्षं मला वाटायचं, या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. आता खरंच माहीत नाही. बरं वाटतं आहे.
खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी मान खाली घालूनच लिहून राहिले. दार उघडलं तर तिला आधी माझं तोंड दिसायला नको.